जुन्या रेल्वे फाटकांचे सिग्नल टिपण्यासाठी कोणता कॅमेरा घ्यावा, कुठे जावे, आणि एखादा जुना भाग आठवण म्हणून घरी आणता येईल का?

आपल्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा मी आधी घेतो, कारण त्यावरून माझा एका जिवाभावाच्या मित्राशी कित्येक वर्षे वाद चालू आहे. माझे उत्तर एवढेच आहे की आणू नये.

अकोला–खांडवा मीटरगेज मार्ग ब्रॉडगेजच्या कामासाठी 2017 च्या जानेवारीत बंद झाला. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे अकोटच्या अलीकडच्या एका फाटकावर सलग तीन दिवस गेलो होतो. तेथे खांबावरचा पट्टीसारखा हात आडवा असला की 'थांबा' आणि खाली पडला की 'जा' असे सांगणारे जुने सिग्नल होते आणि त्यांच्या खांबांवर पिवळ्या चकतीत काळे 'जी' अक्षर होते. हात आडवाच राहिला तर चालकाने दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे थांबून मग जपून फाटकापर्यंत यावे, ही मुभा त्या एका अक्षरामुळे मिळते; ते नसेल तर तो सिग्नल ओलांडता येत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास गेटमनमामांनी फाटक लावले, कुलपाची किल्ली काढून खटक्याच्या पेटीत फिरवली आणि सिग्नलचा खटका ओढला, परंतु दूरवरचा हात पुरता पडला नाही, अर्ध्यावर लोंबकळत राहिला. मामा जराही गडबडले नाहीत. त्यांनी खटका परत टाकला, गेटलॉजशेजारी, म्हणजे त्यांच्या खोलीशेजारी, खटक्यापासून सिग्नलच्या हातापर्यंत जाणारी तार ताणण्याचे जे दातेरी चाक होते ते चार दात पुढे फिरवले आणि पुन्हा खटका ओढला; या वेळी हात खाडकन खाली आला. गाडी गेल्यावर त्यांनी सांगितले की उन्हाने तार सैल पडते म्हणून दुपारी चार दात घ्यायचे आणि संध्याकाळी आठवणीने तेच चार दात सोडायचे, कारण रात्रीच्या गारव्याने तार आखडली तर खटका टाकूनही हात पूर्ण आडवा होत नाही आणि लाल सिग्नल चालकाला लाल दिसत नाही. त्या चाकाची एकच बाजू मामांच्या अंगठ्याने घासून चकचकीत झाली होती, बाकी सगळे गंजलेले होते.

हे सर्व घडत असताना माझा मित्र पलीकडे वायडीएम-4 या मीटरगेजवरच्या डिझेल इंजिनाची छायाचित्रे काढण्यात गुंतला होता. मार्ग बंद झाल्यावर तो एकटाच तेथे गेला आणि ती 'जी'ची चकती काढून घरी घेऊन आला. ती भंगारात गेली असती, आपण ती वाचवली, असे त्याचे म्हणणे आहे. मला ते मुळीच मान्य नाही. रेल्वेची मालमत्ता अशी बाळगणे हा 1966 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे तर झालेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी ती चकती कोणत्या फाटकाची, अकोल्याकडच्या सिग्नलची की खांडव्याकडच्या, हे आज त्याला स्वतःलाही खात्रीने सांगता येत नाही. मामांचे चार दात मात्र माझ्या वहीत तारीख आणि वेळेसह आहेत. फाटक नाहीसे झाल्यावर ते कसे चालत होते हे सांगू शकेल अशी वस्तू या दोहोंपैकी कोणती, याचा विचार आपणच करावा.

आता कॅमेऱ्याविषयी. आपल्या खिशातला फोन पुरेसा आहे. पैसे वही आणि प्रवासावर खर्च करावेत. प्रत्येक छायाचित्रासोबत फाटकाचा क्रमांक, जवळच्या किलोमीटर-खांबावरील आकडा आणि आपले तोंड कोणत्या स्टेशनकडे होते हे तेथल्या तेथे लिहावे, घरी येऊन आठवणीने लिहू नये. सिग्नलच्या हाताची मागची बाजू टिपायला लोक विसरतात. पुढून लाल आणि पाठीमागून पांढरा असा तो रंगवलेला असतो, आणि दोन्ही बाजू नोंदीत असायला हव्यात. दिव्यापुढची हिरवी काच दिवसा निळसर दिसते, त्यामुळे ती बदललेली आहे असे समजू नये; रॉकेलच्या पिवळ्या ज्योतीपुढे तीच हिरवी दिसते.

कुठे जावे, तर जिथे अजून गेटमन आहे तिथे, आणि लवकर जावे. ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटके 2019 च्या जानेवारीपर्यंत संपली आणि राहिलेल्या फाटकांच्या जागी उड्डाणपूल व भुयारी मार्ग होत आहेत.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. रुळांवर विनापरवाना जाणे हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार गुन्हा आहे, म्हणून रस्त्यावरूनच पाहावे आणि आत जायचे तर लेखी परवानगी घ्यावी. आणि गेटमन एकटाच कामावर असतो, तेव्हा त्याचा फाटकावरचा फोन वाजला की आपला प्रश्न अर्ध्यावर सोडून गप्प बसावे. रेल्वेने लिलावात विकलेली वस्तू पावतीसह घेतली तर तिला माझा आक्षेप नाही.

मित्राला मी वहीतील त्या पानाची प्रत पाठवली आहे आणि चकती जोवर त्याच्याकडे आहे तोवर ती प्रत तिच्या पाठीमागे चिकटवावी असे कळवले आहे. त्याने ती अद्याप चिकटवलेली नाही.