सहा दिवसांचा गारवा आणि आठ लाखांचा विमा

चंद्रपूरच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देतो:

‘सर, आमच्याकडे मार्चपासूनच अंगाची लाही लाही होते. मुलांनी अजून बर्फ पाहिलेला नाही. यंदा मनीबॅक पॉलिसीचे पहिले 1,60,000 रुपये मिळत आहेत. एजंट आमच्या नात्यातलेच आहेत, पॉलिसी देताना म्हणाले होते की दर पाच वर्षांनी फुकट सहल समजा. सिमला-मनालीचं पॅकेज दीड लाखात बसतंय. मिसेस म्हणते उटीला जाऊ. पैशांच्या मानाने जास्त थंड कुठे? एजंट आता म्हणतात, सहल राहू द्या, त्या पैशांत मुलीच्या नावाने नवी पॉलिसी करा. माझं वय 39, खासगी कारखान्यात सुपरवायझर आहे, हातात 62,000 येतात. घरकर्जाचे 24 लाख बाकी, हप्ता 22,500. घरखर्च 34,000. मिसेस घरीच असते. मुलगी 11, मुलगा 7, आई 71. पॉलिसी आठ लाखांची, वर्षाला 60,000 भरतो. कंपनीचा मेडिक्लेम तीन लाखांचा आहे, त्यात आई नाही. तब्येत ठणठणीत. व्यसन कसलंही नाही, दिवसाला दोन खर्रे सोडले तर.’

खर्ऱ्याकडे नंतर येतो. आधी थंडीचं उत्तर, कारण ते सोपं आहे.

समुद्रसपाटीपासून एक किलोमीटर वर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पण ते खालच्या पठारावरच्या तापमानातून वजा करायचं असतं, आणि आपलं गणित बरोबर तिथेच चुकतं. चिखलदरा आणि पचमढी अकराशे मीटरच्या आसपास. पायथ्याला 42 असेल तर वर 36-37 राहणार. रात्री बऱ्या जातात, दुपारी मात्र खोलीतच बसावं लागतं. कोइंबतूरचा मे मुळात 35 चा, आणि उटी त्याच्याही 1,800 मीटर वर. वजाबाकी करा, 23 येतात. मनालीही उंचीला साधारण तेवढीच, मे महिन्यात सुखद असते. फरक पोहोचण्यात आहे. तुमचं पॅकेज ‘दिल्ली ते दिल्ली’ आहे. चंद्रपूर-दिल्ली गाडीभाडं वेगळं, मे महिन्यातल्या दिल्लीचा भट्टीतला दिवस वेगळा, मग रात्रभराची बस. बर्फासाठी रोहतांगला जायचं तर गाडीला परवाना लागतो, रोजच्या गाड्यांची संख्या ठरलेली असते, आणि तो खर्च बहुतेक पॅकेजांत धरलेला नसतो. दीड लाखांचे एक लाख नव्वद हजार होतात, आणि 71 वर्षांच्या बाईंना घाटात बारा-चौदा तास बसमध्ये बसवून. मिसेसचं बरोबर आहे. उटी.

इथे पत्राचं उत्तर संपलं असतं. पण तुम्ही जे विचारलं नाही, ते मला जास्त टोचतंय.

उद्या तुम्हाला काही झालं तर? पॉलिसीचे बोनससकट दहा-अकरा लाख येतील. पीएफ कापला जात असेल तर ईडीएलआयमधून, म्हणजे पीएफला जोडलेल्या विम्यातून, जास्तीत जास्त सात लाख. एकूण अठरा धरू. बँकेला हवेत चोवीस. म्हणजे तुमच्या पत्नीच्या हाती एक रुपया येण्याआधीच सहा लाख कमी पडतात. त्यापुढे महिन्याचे 34,000, दोन मुलांची शिक्षणं आणि सासूबाई. कर्ज देताना बँकेने एखादा कर्जविमा गळ्यात मारला असेल तर तो कागद आज रात्री शोधा. या एका बाबतीत तुम्हाला फसवलेलं असेल तर मला आनंद होईल.

आता ‘फुकट सहल’. पाच वर्षांत तुम्ही तीन लाख भरले आणि त्यातले एक लाख साठ हजार परत येत आहेत. डाव्या खिशातून काढून उजव्या खिशात ठेवलेत, त्यातलेही थोडे वाटेत राहिले, एवढाच व्यवहार आहे हा. पंधरा वर्षांत तुम्ही नऊ लाख भरणार. पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या वर्षी 1.6 लाख मिळणार. विसाव्या वर्षी, बोनसचे आजचे दर टिकले असं उदारपणे धरलं, तर सव्वानऊ लाखांच्या आसपास. परतावा काढला तर पाच टक्क्यांच्या आगेमागे पडतो. पत्रासोबत तुम्ही एजंटच्या हिशेबाचा फोटो पाठवला आहे. कॅलेंडरच्या पानाच्या मागे, निळ्या बॉलपेनने, ‘20 वर्षांनी 25 लाख’, आणि खाली दोन रेघा. दोन रेघा मारल्या की माणसाला खरं वाटतं. बेनिफिट इलस्ट्रेशन नावाचा छापील कागद पॉलिसीसोबत मिळायला हवा. त्यात परतावा 4 टक्के आणि 8 टक्के अशा दोन गृहीतकांवरचे आकडे असतात. तो काढा आणि त्यात 25 लाख कुठे दिसतात ते मला कळवा.

मुलीच्या नावाच्या नव्या पॉलिसीवर मी दोनच वाक्यं खर्च करतो. अकरा वर्षांच्या मुलीवर घरात कुणाचंच पोट अवलंबून नाही. ज्याच्या पगारावर पाच माणसं जेवतात त्याचा विमा अपुरा ठेवून तिचा विमा विकायचा, याला धाडस लागतं.

तुम्हाला हवा आहे एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा, वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत. कर्ज फिटून 76 लाख उरतील. ते सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला सव्वापाच लाख, आणि तुमचं घर वर्षाला चार लाखांत चालतं. तंबाखू न खाणाऱ्याला तुमच्या वयात हा विमा वर्षाला अठरा-वीस हजारांत मिळतो. आणि इथे खर्रा आला. सुपारी, चुना आणि तंबाखू घोटून केलेल्या पुडीला विमा कंपनी तंबाखूच म्हणते, ‘व्यसन कसलंही नाही’ म्हणत नाही. फॉर्मवर ‘हो’ लिहायचं. हप्ता तीस हजारांच्या घरात जाईल, जाऊ द्या. खोटं लिहून वाचवलेले दहा हजार पत्नीला महागात पडतील, कारण पहिल्या तीन वर्षांत कंपनी माहिती लपवल्याचं कारण काढून दावा नाकारू शकते. खर्रा वीसचा धरला तर दिवसाला चाळीस, वर्षाला साडेचौदा हजार. वर हप्त्यातले दहा. महागडी पुडी आहे साहेब. (मी नागपुरात वाढलो आहे. प्रवचन देत नाही, आकडे मांडतोय.)

दुसरं भोक आजारपणाचं. कंपनीचे तीन लाख नोकरी आहे तोवरच. चौघांचा स्वतःचा दहा लाखांचा फ्लोटर, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच आरोग्य विमा, वर्षाला पंचवीस हजारांच्या आत-बाहेर येईल. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, तेव्हा कुणी हप्त्यावर 18 टक्के सांगत असेल तर दार दाखवा. आईंचं काम त्याहून सोपं. सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आधार कार्ड घेऊन जा आणि काढून आणा. इतकी वर्षं तुमच्या घरी येणाऱ्या एजंटने हे सांगितलं नाही, कारण त्यात कमिशन नाही.

पैसे कुठून आणायचे, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. 62 मधून 22.5 आणि 34 गेले की महिन्याला साडेपाच हजार, म्हणजे वर्षाला 66 हजार उरतात. त्यातले 60 हजार मनीबॅक पॉलिसी गिळते. उरलेल्या सहा हजारांत तुम्ही टर्म विमा, आरोग्य विमा आणि अडीअडचणीची गंगाजळी, तिन्ही करू पाहताय. नाही होणार.

म्हणून पॉलिसीचा निकाल आत्ताच लावावा लागेल, कारण सहावा हप्ताही याच महिन्यात आहे. खरं सांगायचं तर गणित तुम्ही समजता तितकं एकतर्फी नाही. मोडली, म्हणजे सरेंडर केली, तर हातात फारसं येत नाही. मिळालेले 1.6 लाख त्यातून वळते होतात. नुकसान व्हायचं ते होऊन गेलं आहे, त्यामुळे उरलेले दहा हप्ते भरलेत तर त्या नव्या पैशांवर साडेसहा टक्क्यांच्या आसपास सुटतात. हे वाईट नाही. तुमच्याकडे शिल्लक असती तर मी म्हटलं असतं, चालू ठेवा आणि विसरून जा. पण शिल्लक नाही. तेव्हा ती पेड-अप करा, म्हणजे हप्ते थांबवा. भरल्या पैशांपुरती रक्कम विमा कंपनीकडे राहील आणि मुदत संपल्यावर, आधी जमलेल्या बोनससह, अडीच लाखांच्या आसपास मिळेल. कंपनीकडून दोन्ही आकडे, सरेंडरचा आणि पेड-अपचा, लेखी घ्या. फोनवरचे नकोत. क्रम मात्र चुकवू नका. आधी टर्म विमा हातात येऊ द्या, मगच हप्ता थांबवा. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, तेवढ्यात मेडिकल होऊन पॉलिसी यायला हवी. आज अर्ज करा. नात्यातल्या एजंटला काय सांगायचं? ‘पैसे नाहीत’ म्हणा. खोटंही नाही ते.

थांबलेल्या साठ हजारांतून दरवर्षी तीस टर्मला आणि पंचवीस आरोग्याला जातील. पाच उरतात.

यंदाचे 1,60,000 असे लावा. दोन्ही विम्यांचा पहिला हप्ता 55 हजार. 40 हजार बँकेत वेगळ्या मुदत ठेवीत, ज्याला हॉस्पिटल किंवा नोकरी जाणं याखेरीज हात लावायचा नाही. उरले 65 हजार, ते सहलीचे. हो, सहलीला जाच. ‘आधी कर्ज फेडा, मग फिरा’ असं सांगणाऱ्या सल्लागारांची मुलं बहुतेक मोठी झालेली असतात. तुमची मुलगी अकरा वर्षांची आहे. अजून चार वर्षांनी ती तुमच्यासोबत सहलीला यायला तयार असेलच असं नाही.

65 हजारांत उटी बसते. बल्लारशाहवरून केरळकडे जाणाऱ्या गाड्यांनी कोइंबतूर साधारण एका दिवसा-रात्रीचं. थ्री एसीने पाच जणांचे येण्या-जाण्याचे सतरा हजार धरा. मुलांना बर्थ हवा तर पूर्ण तिकीट पडतं, आणि ज्येष्ठांची सवलत 2020 पासून बंद आहे, तेव्हा आईंचंही पूर्णच. साध्या हॉटेलात दोन खोल्या, पाच रात्री, पंचवीस हजार. जेवणखाण बारा. वर जाऊन फिरायला आठ. झाले बासष्ट. बर्फ नाही मिळणार. मुलांना दात्यांच्या चाकाने डोंगर चढणारी मेट्टुपालयमची छोटी गाडी दाखवा. तिकीट मिळालं नाही तर कुन्नूर ते उटी एवढाच तुकडा करा, दात्यांचं चाक त्यात नाही, पण छोटी गाडी तीच.

भाड्याची गाडी करणार असाल तर आधी ई-पास, म्हणजे गाडी वर न्यायचा ऑनलाइन परवाना, काढावा लागतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2024 पासून तो सुरू झाला, आणि 2025 च्या उन्हाळ्यापासून रोजच्या गाड्यांवर मर्यादाही घातली: उटीसाठी इतर दिवशी सहा हजार, शनिवार-रविवारी आठ हजार. सरकारी बसला त्यातून सूट आहे. कोइंबतूरहून सरकारी बसनेच वर जा, पैसेही वाचतील.

पचमढी याहून स्वस्त, पस्तीस-चाळीस हजारांत होईल. पण जटाशंकर काय आणि धबधबे काय, सगळीकडे पायऱ्या. तुमच्या आईंनी तरुणपणी तिथलीच नागद्वारची यात्रा केली असेल तर त्यांनाच विचारा, गुडघे काय म्हणतात ते.

आणखी एक, हेही तुम्ही विचारलेलं नाही. पत्रात ओझरतं लिहिलंय की घर वरच्या मजल्यावर आहे आणि आई दुपारभर कूलरसमोर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसतात. उटीचा गारवा पाच-सहा दिवसांचा. स्लॅब तापते जवळपास नव्वद दिवस. गच्ची झाडून, धुऊन, एप्रिल लागायच्या आत चुन्याचे दोन हात मारा. मजुरीसकट चार-पाच हजारांत होईल. वर उरतात म्हटलं ना वर्षाचे पाच हजार, ते यासाठीच. एरवी चुना लावून घ्यायला तुम्ही साठ हजार भरत होतात.

रेल्वेचं बुकिंग आता साठच दिवस आधी उघडतं. गाडी तिच्या पहिल्या स्टेशनवरून 15 मेला सुटत असेल तर 16 मार्चला सकाळी आठला मोबाइल घेऊन बसा, परतीचं त्यानंतर आठवड्याने. आईंसाठी खालचा बर्थ टाका, आणि मुलाला आधीच सांगून ठेवा की खिडकी आजीची.