नाग नदी पायी बघायची असेल तर
भाऊ, नागपूरच्या नाग नदीचा नकाशा काढायचाय ना, मग सुरुवात शहरातल्या पुलावरून नको. आधी पश्चिमेला, वाडीजवळच्या लाव्हा गावाच्या टेकड्यांकडे जा, उगम तिकडचा. तिथून पाणी अंबाझरी तलावात आणि सांडव्यावरून, म्हणजे तलावाचं जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवरून, शहरात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे याच सांडव्याचं पाणी खालच्या वस्त्यांत घुसलं होतं, म्हणून तेवढा काठ सावकाश चाल. पात्र कुठे भिंतींनी आवळलंय ते तिथंच दिसतं. सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसाल्टची, म्हणजे ज्वालामुखीच्या थिजलेल्या रसाच्या खडकाची. पूर्वेकडे तो संपून जुना, पट्ट्यापट्ट्यांचा नीस खडक लागतो, तोही नोंदव. गोरेवाड्याकडून येणारी पिवळी नदी पूर्वेला हिला मिळते, पुढे पाणी कन्हान नदीला. वासाचं काही विचारू नको. रुमाल ठेव.