दंव तोंडावर आलंय, टोमॅटो अजून हिरवेच

प्रश्न: आमच्याकडे उन्हाळा जेमतेम तीन महिन्यांचा, दंव कधी पडेल नेम नाही. झाडांवर ढीगभर हिरवे टोमॅटो आहेत, फरसबीपण खूप आलीये. दंवाने झाडं गेली तर त्यावरचे टोमॅटो काढून बरणीबंद केले तर चालतात का? आणि गेल्या आठवड्यात मी फरसबी बरण्यांत भरून मोठ्या पातेल्यात तासभर उकळली, झाकणं एकदम घट्ट बसलीयत, बरण्या कपाटात ठेवल्यात, पण मैत्रीण म्हणते फेकून दे. खरंच फेकायची?

उत्तर: हो, फेका. जिवावर येईल पण मैत्रिणीचं बरोबर आहे. तासभर सोडा, तीन तास उकळलंत तरी उघड्या पातेल्यातलं पाणी 100 अंशांच्या वर जात नाही आणि क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू तेवढ्याला दाद देत नाहीत. त्यात हा जंतू वाढतो कुठे, तर जिथे हवा नाही आणि आंबटपणा कमी आहे तिथे, म्हणजे फरसबीच्या बंद बरणीत त्याची सगळी सोय आपणच करून दिलेली असते. झाकण घट्ट बसलंय म्हणजे आतलं सुरक्षित आहे असं अजिबात नाही. वास, रंग सगळं ठीक असूनही आत या जंतूचं विष असू शकतं, त्यामुळे जरासं चाखून बघू हा विचारसुद्धा नको. बरण्या न उघडता पिशवीत बांधून टाकून द्या.

पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका मोठा तितका आंबटपणा कमी) 4.6 च्या वर असलेल्या सगळ्या भाज्यांना प्रेशर कॅनरच लागतो, म्हणजे बरण्या दाबाखालच्या वाफेत तापवायचं मोठं भांडं, त्यात तापमान 116 अंशांच्या आसपास जातं. घरातला छोटा कुकर त्याच्याऐवजी वापरू नका, तो भराभर तापतो आणि निवतो आणि कॅनरच्या वेळा तर हळू तापणं-निवणं धरूनच ठरवलेल्या असतात. कॅनर नसेल तर फरसबी सरळ फ्रीज करा ना! तीन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात, नीट कोरडी करून उणे 18 ला. मला तर ती बरणीतल्यापेक्षा जास्त आवडते.

आता टोमॅटो. दंवाने मेलेल्या झाडावरचे बरणीत भरू नका, त्यांचा आंबटपणा कमी झालेला असू शकतो. म्हणून दंवाचा अंदाज आला की आदल्या दिवशीच सगळे उतरवा. पूर्ण वाढलेले, हिरव्यावर जरा पांढुरकी झाक आलेले असतील ते 18 ते 21 अंशांत घरात पिकतात, ऊन लागत नाही, खिडकीत मांडायची काही गरज नाही. कागदात गुंडाळून एका थरात ठेवा, डागाळलेला दिसला की बाजूला काढा, नाहीतर शेजारचेही जातात. फ्रीजमध्ये मात्र नको, तिथे पिकणं थांबतं.

पिकलेले टोमॅटो पीएच 4.6 च्या अगदी काठावर असतात, त्यामुळे अर्ध्या लिटरच्या बरणीत बाटलीतला लिंबाचा रस एक मोठा चमचा घालाच, लिटरच्या बरणीला दोन. ताज्या लिंबाचा नको, त्याचा आंबटपणा प्रत्येक लिंबात वेगळा. पाणी न घालता ठेचून गरम भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बरण्या उकळत्या पाण्यात 35 मिनिटं ठेवायच्या, पण हे समुद्रसपाटीपासून 300 मीटरपर्यंतच, तुम्ही त्याहून उंचावर असाल तर वेळ वाढवावा लागतो, 900 मीटरपर्यंत 40 मिनिटं.