पुतण्या म्हणतो, 'फ्रॅटर्निटीत आता पूर्वीसारखं कुणी पीत नाही.' खरं आहे का?

अर्धं खरं आहे. पुतण्या थाप मारत नाहीये, पण काकांना जेवढं सांगण्यासारखं आहे तेवढंच सांगतोय. तो अमेरिकेत ओहायोत शिकतोय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून उत्तर देतेय. मीही ओहायोतल्याच एका सरकारी विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या विभागात नोकरीला आहे आणि फ्रॅटर्निटीवाल्यांचे पार्टीचे अर्ज आमच्याच टेबलावर येतात.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातल्या मुलांचं मंडळ, सोरोरिटी मुलींचं. नावं ग्रीक अक्षरांची, वर्गणी दणदणीत, बहुतेकांचं कॉलेजजवळ स्वतःचं घर आणि डोक्यावर एक राष्ट्रीय संघटना. नव्या पोरांना काही आठवडे उमेदवारी करावी लागते, मग पक्कं सभासदत्व.

पिणं कमी झालंय हे खरं, पण ते सगळ्या पिढीतच झालंय. गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या पाहण्यांत 18 ते 34 वयाच्या अमेरिकनांमध्ये पिणारे या शतकाच्या सुरुवातीला 72 टक्के होते, 2021 ते 2023 मध्ये 62 टक्के. आणि मुळात कुठून खाली आलोय तेही बघा. 1993 साली हार्वर्डच्या लोकांनी कॉलेजांची मोठी पाहणी केली, तेव्हा फ्रॅटर्निटी-सोरोरिटींच्या घरांत राहणाऱ्या दर पाचांतले साधारण चार जण एका बैठकीत पाच किंवा जास्त पेले (मुली असतील तर चार) रिचवणारे निघाले होते. आज 'मी घेत नाही' म्हणणाऱ्या मुलाची कुणी टर उडवत नाही. कुणाला जिम असते, कुणाची औषधाची गोळी चालू असते, कुणाला पैसे वाचवायचे असतात. गांजाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून पुतण्यानेही सांगितलं नसेल!

नियम मात्र पोरं शहाणी झाली म्हणून बदलले नाहीत. ते बदलले विमा कंपन्या, कोर्ट आणि मुलं गमावलेल्या आईबापांमुळे. 1984 साली केंद्राने कायदा केला की जे राज्य दारूचं वय 21 करणार नाही त्याच्या महामार्गांच्या निधीला कात्री. (व्हिस्कीसाठी 25 वय आणि वर परवाना लागणाऱ्या महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला 21 कमीच वाटतं, पण इथे तेव्हा बऱ्याच राज्यांत 18-19 चालत होतं.) झालं काय, की अठरा-एकोणीस वर्षांची पोरं बारमधून उठली आणि फ्रॅटर्निटीच्या तळघरात जाऊन बसली. 1997 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटीत फाय गॅमा डेल्टा या फ्रॅटर्निटीचा 18 वर्षांचा उमेदवार दारूने गेला. विद्यापीठाने पुढे 60 लाख डॉलरला तडजोड केली आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना थेट फ्रॅटर्निटीच्या घरात राहायला जाणं बंद केलं. फाय डेल्टा थीटाने 2000 पासून आपल्या सगळ्या घरांत दारूबंदी केली. 2018 मध्ये तर फ्रॅटर्निटींच्या शिखर संघटनेनेच ठराव केला: घरात आणि कार्यक्रमांत 15 टक्क्यांहून कडक दारू नाही, परवानाधारक विक्रेता पेले भरून देत असेल तरच अपवाद. बिअर-वाईन चालेल, व्होडका-व्हिस्की नाही.

आज आमच्याकडे येणारा अर्ज बघितलात तर लग्नाच्या हॉलचं बुकिंग वाटेल. पाहुण्यांची यादी, दारावर ओळखपत्र तपासणारा कोण, 21 च्या वरच्यांना मनगटपट्टी, खालच्यांच्या हातावर काळ्या मार्करची फुली, बिअर घरून आणणार असाल तर माणशी सहा कॅन आणि ते काउंटरवर जमा, पाणी आणि चकणा सक्तीचा, आणि त्या रात्री अजिबात न पिणाऱ्या सभासदांची नावं. ही नावं देणारी मुलं हल्ली कुरकुर करत नाहीत. हा बदल मला खरोखर दिसतो.

पण जीव जातात ते या अर्जवाल्या पार्टीत नाही. ते जातात बंद दाराआड, बऱ्याचदा 'बिग-लिटल'च्या रात्री. त्या रात्री उमेदवाराला त्याचा मोठा 'भाऊ' मिळतो आणि काही ठिकाणी प्रथा अशी, की भावाने दिलेला आख्खा खंबा धाकट्याने संपवायचा. साडेसातशे मिलीच्या खंब्यात इथल्या मापाने साधारण 17 पेग असतात. बिअरचे 17 कॅन प्यायला बसलात तर पोटच आधी हात टेकतं. बुर्बन व्हिस्कीचं तसं नाही, शरीर नाही म्हणेपर्यंत ती आत गेलेली असते. 2021 च्या मार्चमध्ये ओहायोतल्याच बोलिंग ग्रीन विद्यापीठात पाय कॅपा अल्फाचा एक 20 वर्षांचा मुलगा असाच गेला. कडक दारूवरची बंदी तेव्हा लागू होती. आणि 2017 मध्ये लुइझियानात एक उमेदवार मेला तो कुणाच्या हातून? त्याच फाय डेल्टा थीटाच्या. कागदावर सतरा वर्षं दारूबंदी!

त्याच वर्षी पेन स्टेट विद्यापीठात बीटा थीटा पायच्या घरात एक 19 वर्षांचा मुलगा पिऊन जिन्यावरून पडला. सगळं कॅमेऱ्यात होतं. 911 या आपत्कालीन क्रमांकाला फोन जवळजवळ 12 तासांनी झाला, कारण पोरांना आपण पकडले जाऊ याची भीती. माझ्या मते दृष्टिकोन बदललाय का हे मोजायची जागा इथे आहे. आता बऱ्याच राज्यांत आणि विद्यापीठांत मदत मागणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी मागितली त्याच्यावर पिण्याबद्दल कारवाई होत नाही. आम्हाला सोमवारी जे अहवाल येतात त्यात 'मित्रांनीच अँब्युलन्स बोलावली' हे वाक्य आता नेहमीचं झालंय.

याची दुसरी बाजू म्हणजे 'बोर्ग'. पाण्याचा गॅलनभर कॅन घ्यायचा, अर्धा ओतून द्यायचा, त्यात व्होडका, रंगीत सरबत आणि इलेक्ट्रोलाइटची पूड. मुलं म्हणतात, झाकण माझं, कॅन माझा, कुणी काही मिसळणार नाही, शिवाय पाणीही पोटात जातं. युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पण 2023 मध्ये ॲमहर्स्टला मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात एका दिवसात 28 अँब्युलन्स बोलवाव्या लागल्या.

सोरोरिटींचं गणित वेगळं आहे. मोठ्या राष्ट्रीय सोरोरिटींच्या घरांत दारू पूर्वीपासूनच वर्ज्य. ऐकायला छान, पण म्हणून मुली प्यायला जातात मुलांच्या घरी. दार त्यांचं, पेला त्यांनी भरलेला. ज्या घरात मुली सर्वांत सुरक्षित असत्या तिथेच पार्टी नाही, हा मला या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा वेडेपणा वाटतो.

तेव्हा पुतण्याला 'तिथे पितात का' असं विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे. बिग-लिटलच्या रात्री काय करतात ते विचारा. ओहायोत 2021 च्या कायद्यानुसार विद्यापीठांना रॅगिंगच्या प्रकरणांची यादी संकेतस्थळावर टाकावीच लागते, आणि डिसेंबर 2024 पासून तसा केंद्रीय कायदाही झालाय. त्याच्या विद्यापीठाची यादी काढा आणि त्या फ्रॅटर्निटीचं नाव शोधा, दहा मिनिटांचं काम आहे.

एक गोष्ट त्याच्या आईवडिलांच्या कानावर जरूर घाला. आपला मुलगा बळी पडेल का, ही काळजी सगळे करतात. पण वर्षभराने तो स्वतः कुणाचा तरी 'बिग' असणार आहे. ओहायोत आता दारू पाजण्यातून उमेदवाराला गंभीर इजा झाली तर तो गंभीर स्वरूपाचा फौजदारी गुन्हा (फेलनी) आहे, नुसती कॉलेजातून हकालपट्टी नाही. बोलिंग ग्रीनच्या प्रकरणात आठ जणांवर खटले झाले, काहींना तुरुंगवास झाला. तीही कुणाची तरी मुलं-पुतणेच होते.