देव मानत नाही, पण वारीला जातो!

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही कोथरूडला राहतो. मुलगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला. मुंजीनंतर हौसेने संध्या करायचा, आता घरच्या गणपतीच्या पूजेला बस म्हटलं की मी देव मानत नाही म्हणून मोकळा. आणि हाच मुलगा गणपतीआधी दोन महिने नदीपात्रात ढोलाच्या प्रॅक्टिसला जातो, यंदा तर माउलींच्या पालखीबरोबर दिवेघाट चढून सासवडपर्यंत चालला! ह्याचे बाबा म्हणतात, सगळा सोयीचा धर्म. मला काळजी वाटते.

उत्तर : अहो, आगरकर जिथे फर्ग्युसनचे प्रिन्सिपल होते त्या गावात एखादा पोरगा देव नाही म्हणाला तर एवढं काय घाबरायचं!

जेम्स मार्शा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये एक मांडणी केली. त्याने कॉलेजच्या मुलांना करिअर, धर्म आणि राजकारण ह्याबद्दल विचारलं आणि दोनच गोष्टी बघितल्या, की ह्याने स्वतः शोधाशोध केलीय का, आणि कशावर तरी ठाम झालाय का. त्यातून चार गट पडले. काहींना कशाचंच काही पडलेलं नसतं. काही जण आईवडिलांनी दिलं ते न तपासता घेऊन ठाम. काही अजून शोधतायत, आणि काही शोधून मग ठाम झालेले. आता गंमत बघा, धार्मिकता जास्त दिसते ती सहसा दोन्ही ठाम गटांत, म्हणजे बाहेरून पूजा सारखीच पण एकाची घरून आलेली आणि दुसऱ्याची स्वतः निवडलेली. संध्या करणारा तुमचा मुलगा बहुतेक घरून आलेलं न तपासता घेणाऱ्यांतला होता, आत्ता शोधणाऱ्यांत आहे. मला तरी ही प्रगतीच वाटते.

अर्थात हे संशोधन बरंचसं अमेरिकेतल्या ख्रिश्चन मुलांवर झालंय, तिकडे श्रद्धा आहे का हा प्रश्न आधी येतो. आपल्याकडे धर्म म्हणजे घर, मंडळ, पथक, दिंडी सगळं एकात एक, त्यामुळे देव मानत नाही आणि वारीत चालतो ह्यात मला तरी ढोंग दिसत नाही. यंदा पूजेला त्याच्या बाबांना बसू दे, त्याला मखराचं काम द्या, आणि वारीत काय बघितलंस एवढं विचारा. लगेच "मग देव आहे ना?" असं मात्र विचारू नका, तो रूममध्ये जाऊन दार लावून घेईल.

प्रश्न : मी सोलापूरची, वय २१, एमपीएससीसाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. इथे आल्यापासून आठवड्याला तीन उपास आणि रोज सारसबागेचा गणपती. रूममेट म्हणतात परीक्षेच्या भीतीने करतेस. खरं असेल का?

उत्तर : असेलही थोडं. ऑलपोर्ट आणि रॉस ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये हाच फरक मांडला होता, धर्म कशासाठी तरी वापरणं वेगळं आणि तोच जगणं वेगळं. पण माणसात दोन्ही सापडतं आणि भीतीने सुरू झालेलं नंतर स्वतःचं होऊ शकतं. निकाल लागल्यावरही सारसबागेत जावंसं वाटतंय का ते बघ. उपास मात्र एकावर आण, दिवसभर अभ्यासिकेत बसायचं आणि पोटात नुसती साबुदाणा खिचडी, कसं व्हायचं गं!