वडिलांच्या नावाचा ट्रस्ट, आणि उधारीची वही

प्रश्न: वडील नऊ महिन्यांपूर्वी गेले. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात ३४ वर्षं त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. पाइप, मोटारी, सिमेंट. पहाटे सहाला शटर वर, रात्री नऊला खाली. अडल्यानडल्याला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. किती मुलांच्या फिया भरल्या, हे आम्हाला दहाव्याला आलेल्या लोकांकडून कळलं. मी पुण्यात नोकरी करतो, बहीण कोल्हापूरला दिली आहे. दुकानातला माल विकून आणि ठेवी धरून ४६ लाख जमलेत, ठेवींवर नॉमिनी मी आहे. वहीत ९ लाखांची उधारी आहे. वर्षश्राद्धाला वडिलांच्या नावानं २० लाखांचा ट्रस्ट जाहीर करावा आणि उधारी माफ करून टाकावी असं मनात आहे. आई ६३ वर्षांची, आजी ८५. मृत्युपत्र नाही. गाळा स्वतःचा आहे. काय करू?

उत्तर:

फियांची गोष्ट दहाव्याला कळली, या वाक्याशी मी बराच वेळ थांबलो. ज्या माणसानं घरच्यांनाही पत्ता लागू दिला नाही, त्याच्या नावानं काय करायचं हे ठरवताना ही एक गोष्ट सतत समोर ठेवा. द्यायचं की नाही, हा प्रश्नच नाही, द्याच. पण वीस लाख नको, वर्षश्राद्धाच्या मुहूर्तावर नको, आणि माझ्या मते ट्रस्टही नको.

पहिली गोष्ट थोडी कठोर वाटेल. हे ४६ लाख तुमचे नाहीत. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेनं पैसे कुणाच्या हाती द्यायचे, एवढंच त्या नावानं ठरतं. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. मृत्युपत्र नसेल आणि कमाई वडिलांची स्वतःची असेल, तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे आई, तुम्ही, बहीण आणि आजी असे चौघं समान वारस. आजीचा हिस्सा बहुतेक घरांत कुणाच्या लक्षातच येत नाही, पण मुलगा आईच्या आधी गेला तर आई पहिल्या वर्गातली वारस असते. म्हणजे तुमच्या वाट्याला साडेअकरा लाख. वीस लाख तुम्ही एकट्यानं जाहीर करूच शकत नाही. गाळ्याचंही तेच, कुणाला हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदणी करूनच.

आणि वाटणीच्याही आधी, वडिलांचं देणं. सांगलीच्या किंवा कोल्हापूरच्या घाऊक व्यापाऱ्यांची बिलं बाकी असतील तर ती आधी चुकती करा. वारसावर ही जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, खिशातून भरावं लागत नाही. पण तुमच्याकडे मालमत्ता आहे. वारस म्हणून नोंद करून वडिलांचं मृत्यूच्या तारखेपर्यंतचं प्राप्तिकर विवरणपत्र भरा आणि जीएसटी नोंदणी रद्द करून शेवटचं विवरणपत्र द्या. हे काम गावातल्या त्यांच्याच कर सल्लागाराकडून करून घ्या, त्यांना दुकान माहीत आहे.

आता आई. तुमच्या पत्रात आईंबद्दल फक्त वय आहे, हे मला खटकलं. ३४ वर्षं दुपारचा डबा दुकानात पोचवणारं, घाऊकवाल्याचा चेक वटेपर्यंत घरखर्च आवरून धरणारं माणूस बहुधा त्याच होत्या. वडील मनासारखं देऊ शकले, कारण मागं हे घर होतं. तुम्ही, बहीण आणि आजी तयार असाल तर त्यांच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख भरा. ही त्या योजनेची कमाल मर्यादा. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार त्यांच्या स्वतःच्या खात्यात येतात. व्याजदर दर तिमाहीला नव्यानं जाहीर होतो, पण तुम्ही भरलात त्या दिवशीचा दर पाच वर्षं कायम राहतो. मुलांनी आईला दिलेल्या रकमेवर कर नाही, आणि तिचं व्याज तुमच्या उत्पन्नात मिळवलंही जात नाही.

आणखी दहा लाख आई आणि आजीच्या दवाखान्यासाठी. ते एकाच पतसंस्थेत ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला एका ठेवीदारामागे, एका बँकेत, व्याजासकट ५ लाखांपर्यंतच विमा असतो, आणि पतसंस्थेला तो लागूच नाही. तीन बँकांत विभागून, प्रत्येक ठिकाणी मर्यादेच्या खाली ठेवा.

इथं स्वतःचं सांगतो. माझे वडील गेले तेव्हा मी वर्षश्राद्धाच्या आत एका संस्थेला एक लाख देऊन भिंतीवर त्यांचं नाव लावलं. चारच महिन्यांत आईच्या दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मला उसने मागावे लागले. ती काही बोलली नाही. मला मात्र तिच्यासमोर बसवत नव्हतं.

राहिले सहा लाख. ट्रस्टचं म्हणाल, तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, विश्वस्त मंडळ, दरवर्षी हिशेब तपासणी, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, करसवलतीसाठी वेगळी नोंदणी. पुण्यात नोकरी करून हे किती वर्षं निभेल? देणगीवरची, ८०जी म्हणून ओळखली जाणारी वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही. जुन्या प्रणालीतही दोन हजारांवरची रोख देणगी तिच्यात बसत नाही. तेव्हा करासाठी म्हणून यात पडू नका.

गावातल्या शाळेत वडिलांच्या नावानं कायम ठेव ठेवता येते. दोन लाखांची ठेव, सात टक्के धरले तर वर्षाला १४ हजार. दोन-तीन मुलांच्या वह्या-पुस्तकांचं आणि परीक्षेच्या फीचं भागतं. मुख्याध्यापकांकडून ठेवीचा उद्देश लेखी घ्या. उरलेले चार लाख एक वर्ष हलवू नका. आणि गाळा विकू नका. चौघांची संमती असेल तर भाड्यानं द्या आणि त्या भाड्यातून फिया भरत राहा. वडील गल्ल्यातूनच देत होते, ठेव मोडून नव्हे. भाडं येत राहिलं तर तुमच्या मागंही हे चालेल.

आता वही. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

उधारी सरसकट माफ करणं मोठ्या मनाचं वाटतं, पण वडिलांनी तसं कधी केलेलं दिसत नाही. केलं असतं तर वहीच नसती. आमच्या भागात मोटार उधारीवर जाते ती 'उसाचं बिल आलं की देतो' या शब्दावर. नियमानं कारखान्यानं ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, प्रत्यक्षात बिल लांबतं, आणि मधले महिने तुमच्या वडिलांसारखी माणसं ओढतात. त्यांना माहीत असायचं की कुणाचं बिल अडकलंय, कुणाकडे लग्न निघालंय, आणि कुणी नवी गाडी घेऊनही तोंड चुकवतोय. सगळ्यांची नावं एकदम खोडली, तर पाडव्याला काटकसर करून पैसे आणून देणारा आणि तोंड चुकवणारा एका ओळीत बसतात.

कायद्याची बाजू थोडक्यात. उधारीच्या वसुलीला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी देणेकऱ्यानं बाकी मान्य करून वहीत सही केली तर तिथून नव्यानं मोजायची. कोर्टात जायचं तर वारसांना वारसा प्रमाणपत्र लागतं. मी तुम्हाला कोर्टात जायला सांगत नाही. वडील कधी गेले नाहीत.

त्याऐवजी एक शनिवार-रविवार काढून गावी जा. बहिणीलाही बोलवा. वही आईंसमोर उघडा आणि एकेक नाव वाचा. वडील रात्री जेवताना ज्यांच्याबद्दल बोलायचे, ती माणसं आईंना ठाऊक असणार. 'ह्याचं राहू दे' म्हणतील ती नावं त्यांच्याच हातानं खोडू द्या, आणि त्या घरी जाऊन 'हिशेब मिटला' एवढं सांगा, चारचौघांत नको. बाकीच्यांकडे एकदा समक्ष जा. अंगावर धावून नाही, वडिलांचा मुलगा म्हणून. गळीत हंगामापर्यंत मुदत द्या, जमेल तसे हप्ते घ्या. येईल ती रक्कम त्या शाळेच्या ठेवीत घाला.

वहीच्या मागच्या पानांवरही नजर टाका. दुकानदार घरात न सांगितलेला खर्च बहुधा तिथंच टिपून ठेवतात. फियांची नावं सापडली, तर त्यातली काही मुलं अजून शिकत असतील, आणि त्यांचा जूनमधला हप्ता या वर्षी कुणी भरला नसेल. वर्षश्राद्धाची वाट न पाहता तो आधी भरा.