अमेरिकेत स्त्रीरोगतज्ज्ञांची पात्रता, त्यांचे रुग्णालय आणि विमा यांची खातरजमा कशी करावी?

आपण लिहिले आहे की लग्नानंतर आपण नुकत्याच अमेरिकेत आला आहात, पतीच्या नोकरीतून विमा मिळाला आहे आणि इंटरनेटवर एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचे नावही सापडले आहे. त्यांचे शिक्षण, त्या ज्या रुग्णालयाशी संलग्न आहेत त्याचे नाव आणि त्या स्वीकारत असलेल्या विमा कंपन्यांची यादी हे सगळे एकाच पानावर दिलेले आहे, आणि त्यावर कितपत विसंबावे, असा आपला प्रश्न आहे. मी या देशात 14 वर्षे राहते आणि माझी दोन्ही बाळंतपणे येथेच झाली, म्हणून अनुभवाने सांगते: अशा पानाचा उपयोग नाव शोधण्यापुरता करावा. त्यावरची माहिती बहुधा निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा केलेली असते आणि ती शेवटची केव्हा तपासली गेली हे वाचणाऱ्याला कळत नाही. त्यामुळे या तीन गोष्टींपैकी प्रत्येक गोष्ट जिच्या हातात आहे त्या संस्थेलाच विचारावी. त्यासाठी एखादी दुपार लागेल, पण पैसे लागत नाहीत.

सुरुवात परवान्यापासून करावी. अमेरिकेत डॉक्टरांना परवाना देशाकडून मिळत नाही, तो प्रत्येक राज्य देते, आणि राज्याच्या वैद्यकीय मंडळाच्या संकेतस्थळावर डॉक्टरांचे नाव घातले की परवाना चालू आहे का, त्याची मुदत कधी संपते आणि मंडळाने त्यांच्यावर काही जाहीर कारवाई केली आहे का, हे दिसते. न्यूयॉर्कमध्ये मात्र परवान्याची नोंद राज्याच्या शिक्षण विभागाकडे असते आणि डॉक्टरांवरील शिस्तभंगाची कारवाई आरोग्य विभाग पाहतो, त्यामुळे तेथे राहणाऱ्यांनी दोन्हीकडे पाहावे. डॉक्टर पूर्वी दुसऱ्या राज्यात काम करत असतील, तर राज्य मंडळांच्या महासंघाचे ‘डॉकइन्फो’ हे संकेतस्थळ उपयोगी पडते, कारण तेथे सर्व राज्यांतील परवाने आणि मंडळांच्या कारवाया एकत्र सापडतात. काही राज्ये चुकीच्या उपचारांबद्दल भरपाई द्यावी लागलेल्या दाव्यांची माहितीही दाखवतात. ती वाचून लगेच घाबरू नये, कारण प्रसूतिशास्त्र हे सर्वाधिक दावे होणाऱ्या शाखांपैकी आहे आणि दीर्घ कारकिर्दीतल्या एखाद्या दाव्यावरून डॉक्टरांचे कौशल्य ठरवता येत नाही. मंडळाने परवान्यावर निर्बंध घातले असतील, तर ती गोष्ट मात्र गंभीर आहे, आणि माझ्या मते तेवढ्यावरून दुसरे नाव शोधावे.

परवाना म्हणजे वैद्यकी करण्याची मुभा. स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रातील तज्ज्ञता सिद्ध होते ती बोर्ड सर्टिफिकेशनने. वैद्यकीय पदवीनंतर या शाखेची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले प्रत्यक्ष प्रशिक्षण, 4 वर्षांची असते, त्यानंतर लेखी परीक्षा, आणि मग स्वतः तपासलेल्या रुग्णांच्या नोंदी सादर करून तोंडी परीक्षा. ही परीक्षा अमेरिकन बोर्ड ऑफ ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनेकॉलॉजी ही संस्था घेते, आणि तिच्या संकेतस्थळावर कोणत्याही डॉक्टरांचे प्रमाणपत्र विनामूल्य पडताळता येते. नावापुढे एम.डी.ऐवजी डी.ओ., म्हणजे ऑस्टिओपॅथिक शाखेची वैद्यकीय पदवी, असे असेल तर ती पदवी कमी प्रतीची समजू नये. कायद्याने दोघांचे अधिकार सारखे आहेत, मात्र डी.ओ. डॉक्टरांचे प्रमाणपत्र कधी कधी ऑस्टिओपॅथिक शाखेच्या वेगळ्या बोर्डाकडे असते, म्हणून पहिल्या ठिकाणी नाव न सापडल्यास तेथे पाहावे. नुकतीच रेसिडेन्सी संपवलेल्या डॉक्टरांची तोंडी परीक्षा झालेली नसते, कारण तिच्यासाठी लागणाऱ्या नोंदी प्रत्यक्ष काम सुरू केल्यावरच जमतात. त्यांना ‘बोर्ड एलिजिबल’ म्हणतात आणि प्रमाणपत्र मिळवण्यासाठी त्यांना रेसिडेन्सीनंतर 8 वर्षांची मुदत असते. तरुण डॉक्टरांच्या बाबतीत ही स्थिती अगदी स्वाभाविक आहे, परंतु रेसिडेन्सी संपून पंधरा वर्षे झालेल्या डॉक्टरांकडे प्रमाणपत्र नसेल, तर त्याचे कारण विचारायला संकोच करू नये.

आपल्याकडच्या अनेक जणी भारतीय नावाच्या डॉक्टर शोधतात, आणि आपल्या भाषेत मनातले बोलता यावे ही इच्छा मला पूर्णपणे समजते. त्या डॉक्टरांनी पदवी भारतात घेतली असली, तरी या बोर्डाचे प्रमाणपत्र असेल तर ती परीक्षा त्यांनी इतरांसारखीच दिलेली आहे, असे खुशाल समजावे. नावापुढे ‘एफएसीओजी’ ही अक्षरे दिसली, तर त्या अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनेकॉलॉजिस्ट्स या व्यावसायिक संघटनेच्या फेलो आहेत, एवढाच त्याचा अर्थ. एनपीआय नावाचा 10 अंकी क्रमांकही आपल्याला जागोजागी दिसेल. तो ओळखीसाठी आहे, आणि त्या नोंदीतली शाखा डॉक्टरांनी स्वतः भरलेली असते, म्हणून तो पात्रतेचा पुरावा मानू नये. हा क्रमांक लिहून मात्र ठेवावा, कारण विमा कंपनीशी बोलताना त्याची गरज पडते.

आता रुग्णालयाविषयी. डॉक्टर एखाद्या रुग्णालयाशी संलग्न आहेत याचा अर्थ तेथे रुग्ण दाखल करण्याची, शस्त्रक्रिया किंवा प्रसूती करण्याची परवानगी त्या रुग्णालयाने त्यांना दिलेली आहे. ही परवानगी ठरावीक काळाने नव्याने द्यावी लागते आणि डॉक्टर आपला समूह, म्हणजे ज्या सहकारी डॉक्टरांबरोबर त्या एकत्र दवाखाना चालवतात तो, बदलतात तशी ती बदलतेही, परंतु जुनी नावे इंटरनेटवर तशीच राहतात. त्यामुळे रुग्णालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर डॉक्टरांचे नाव आहे का ते पाहावे आणि दवाखान्यात फोन करून नेमके विचारावे: आपण सध्या प्रसूती कोठे करता? ‘सध्या’ या शब्दावर जोर द्यावा. काही स्त्रीरोगतज्ज्ञांनी प्रसूती करणे सोडून दिलेले असते आणि हे त्यांच्या पानावर स्पष्ट लिहिलेले असतेच असे नाही. ज्या मैत्रिणीला हे पाचव्या महिन्यात समजले, तिची धावपळ मी जवळून पाहिली आहे. डॉक्टर एखाद्या समूहात काम करत असतील, तर प्रसूतीच्या रात्री ड्युटीवर असलेल्या दुसऱ्याच डॉक्टर येण्याची शक्यता मोठी असते, म्हणून त्या समूहात कोण कोण आहे हेही जाणून घ्यावे.

रुग्णालय कोण चालवते, हे पाहण्याकडे आपण सहसा दुर्लक्ष करतो. अमेरिकेतील अनेक रुग्णालये कॅथलिक संस्थांची आहेत, आणि त्यांच्या धार्मिक नियमांनुसार तेथे कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करण्यास मनाई असते. दुसऱ्या सिझेरियनच्या वेळीच ती शस्त्रक्रिया उरकून घ्यावी असे एखादीने ठरवले असेल आणि तिच्या डॉक्टर केवळ अशाच रुग्णालयात प्रसूती करत असतील, तर तिला पुढे वेगळ्या ठिकाणी दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. आपल्याला आज याची गरज नसेल, तरी डॉक्टर निवडतानाच हे माहीत असलेले बरे. गरोदरपणात काही जोखीम असेल, तर नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग तेथे आहे का आणि कोणत्या पातळीचा आहे, हेही विचारावे.

विम्याच्या बाबतीत माझी स्वतःची चूक सांगते, कारण ती आजही कितीतरी जणी करतात. आल्यावर पहिल्याच वर्षी मी एका दवाखान्यात फोन करून विचारले, ‘आपण आमचा विमा घेता का?’ पलीकडून ‘हो, घेतो’ असे उत्तर मिळाले, मी निर्धास्तपणे तपासणी करून घेतली, आणि दोन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण रकमेचे बिल घरी आले. विमा ‘घेणे’ म्हणजे त्या दवाखान्याच्या दृष्टीने विमा कंपनीकडे दावा पाठवणे एवढेच होते. त्या कंपनीशी दराचा करार केलेला असणे, म्हणजेच इन-नेटवर्क असणे, ही वेगळी गोष्ट आहे, आणि आपल्या खिशातून किती जाणार हे बहुतांशी त्यावरच ठरते. शिवाय एकाच कंपनीच्या अनेक योजना असतात आणि त्यांचे नेटवर्क वेगवेगळे असते. करारही डॉक्टरांच्या नावाइतकाच दवाखान्याच्या कर क्रमांकाशी आणि पत्त्याशी बांधलेला असतो, त्यामुळे त्याच डॉक्टर एका पत्त्यावर इन-नेटवर्क आणि दुसऱ्या पत्त्यावर नेटवर्कबाहेर असू शकतात.

म्हणून विमा कार्डाच्या मागे दिलेल्या क्रमांकावर फोन करावा, कार्डावरील योजनेचे पूर्ण नाव, डॉक्टरांचा एनपीआय आणि ज्या ठिकाणी आपण जाणार आहोत तेथील पत्ता सांगून त्या डॉक्टर या योजनेत, या पत्त्यावर इन-नेटवर्क आहेत का, असे विचारावे. बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव, तारीख आणि संभाषणाचा संदर्भ क्रमांक लिहून घ्यावा. मग प्रसूतीच्या रुग्णालयाबद्दल तोच प्रश्न वेगळा विचारावा, आणि पॅप तपासणीचे (गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची चाचणी) किंवा रक्ताचे नमुने दवाखाना ज्या प्रयोगशाळेत पाठवतो तिच्याबद्दलही विचारावा, कारण डॉक्टर नेटवर्कमध्ये असूनही प्रयोगशाळा बाहेरची असली की तिचे बिल वेगळे येते.

1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या ‘नो सरप्रायझेस’ कायद्याने रुग्णांना बराच आधार दिला आहे. रुग्णालय इन-नेटवर्क असेल, तर तेथे आलेले भूलतज्ज्ञ नेटवर्कबाहेरचे असले तरी त्यांचे बिल आणि विम्यातून मिळणारी रक्कम यांतला फरक आपल्याकडून मागता येत नाही, आपल्याला इन-नेटवर्क दराने येणारा वाटाच द्यावा लागतो. विमा कंपन्यांना त्यांची डॉक्टरांची यादी किमान दर 90 दिवसांनी पडताळावी लागते, आणि त्या यादीत चुकीची माहिती होती व आपण तिच्यावर विसंबून गेलो, तर आपला वाटा इन-नेटवर्क दरानेच धरावा लागतो. म्हणून कंपनीच्या यादीत डॉक्टरांचे नाव दिसेल त्या दिवशीच तारखेसह त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. गरोदरपणात मध्येच डॉक्टरांचा करार संपला, तर विमा कंपनीला कळवून जास्तीत जास्त 90 दिवस जुन्याच अटींवर त्यांच्याकडे उपचार चालू ठेवता येतात.

नेटवर्कमधील स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाण्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्ती विमा कंपनीला करता येत नाही, आणि वर्षातून एकदा होणारी प्रतिबंधात्मक तपासणी बहुतेक योजनांत इन-नेटवर्क डॉक्टरांकडे विनामूल्य असते. त्या भेटीत एखाद्या जुन्या तक्रारीवरही उपचार झाले, तर मात्र तेवढ्या भागाचे वेगळे बिल येऊ शकते, आणि तसे होणार आहे का, हे डॉक्टरांना तेथेच विचारलेले चालते. आपल्या पतीच्या कंपनीची योजना जानेवारीत बदलणार असेल, तर हे सारे फोन डिसेंबरात पुन्हा करावेत, कारण डॉक्टर त्याच असल्या तरी नव्या योजनेच्या नेटवर्कमध्ये त्या असतीलच असे नाही.